पाकोळीच्या भोवतीचा ढग

जुईचं पोट नेमकं शाळेच्या दिवशी दुखायचं. त्यामुळे ती सकाळी "आई गं" करत सोफ्यावर आडवी झाली तेव्हा सुबोधने वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही.

"गणिताची चाचणी असेल," तो म्हणाला.

"चाचणी काल झाली, बाबा. आज खरंच दुखतंय."

तिच्या आईने, निलांबरीने, पोटावर हात ठेवून पाहिला. पोट खरंच टणक लागत होतं. तिने हिंगाचा खडा कोमट पाण्यात उगाळला आणि अनामिकेने जुईच्या बेंबीभोवती गोल गोल लावला. नऊ वर्षांची घोडी झाली तरी या एका उपायाला जुई कधी नाही म्हणायची नाही. मग निलांबरी गॅस बारीक करायला ओट्याकडे वळली आणि तिचा हात भिंतीवरच्या घ्राणकाखालून गेला.

"हिंग," घ्राणक म्हणालं. "पाण्यात कालवलेला. डाळीकडे लक्ष द्या, बुडाला लागते आहे."

आता जवळपास प्रत्येक घरात ओट्यावर हे यंत्र असतं. ते नाकाचं काम करतं. हवेतले रेणू आत ओढून घेतं, त्यांची वजनावार फोड करतं आणि कोणते किती आहेत ते पडद्यावर उंचवट्यांच्या रांगेने दाखवतं. दूध नासायच्या आत ओरडतं, गॅस गळला तर स्वतः बंद करतं. पण ते मुळात स्वयंपाकघरासाठी जन्मलेलं नव्हतं. ते निलांबरी खोतने शुक्रासाठी केलं होतं. शुक्राच्या दाट ढगांमध्ये कोणते वायू आहेत हे हुंगायला फुग्याखाली टांगून न्यायचं यंत्र, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नंतर कोणीतरी त्याची छोटी आवृत्ती काढली आणि ती घरोघर गेली. मूळ यंत्र मात्र यानाची वाट बघत बरीच वर्षं पेटीबंद पडून होतं, त्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं.

निलांबरीने सवयीने पडद्याकडे पाहिलं आणि चमचा हातात तसाच राहिला. डावीकडे एक बुटका उंचवटा, उजवीकडे दोन उंच, एकमेकांना खेटून. हे तिघे तिच्या चांगल्या ओळखीचे होते. गेले कित्येक आठवडे ती त्यांच्याकडे बघत होती, फक्त ते शुक्रावरून येत होते.

"डाळ," सुबोध म्हणाला. "निलू, डाळ लागली."

"लागू दे," ती म्हणाली.

*

राजापूरजवळच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, त्यांची प्रयोगशाळा होती. क्वार्टर्सपासून गाडीने जेमतेम थोडं अंतर. जुईला शाळेत पाठवण्यात अर्थ नव्हता आणि सुबोधला दवाखाना उघडायचा होता, म्हणून निलांबरीने तिला बरोबर घेतलं. गाडी चालवताना तिने मनातल्या मनात तीनदा हिशोब मांडला आणि तीनदा तो वेगळाच आला.

शुक्राच्या जमिनीवर शिसं वितळेल इतकी आग, पण पंचावन्न किलोमीटर उंचीवर, ढगांमध्ये, हवा आपल्याकडच्या वैशाखासारखी कोमट. थेंब मात्र तीव्र गंधकाम्लाचे. तिथे 'पाकोळी' नावाचा फुगा तरंगत होता. झाडावर न टेकता सतत उडत राहणाऱ्या पक्ष्याचं नाव त्याला दिलं होतं, आणि त्याच्या पोटात निलांबरीचं मोठं घ्राणक होतं. त्या घ्राणकाने गंधकाच्या जोड्या असलेले सेंद्रिय रेणू हुंगले होते. पृथ्वीवर असे रेणू बहुतेक जिवंत गोष्टीच करतात. जगभरच्या जाणकारांनी आकडे तपासले आणि चूक सापडली नाही. म्हणून त्या दिवशी दुपारी चार वाजता प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. अस्लम काझी जाहीर करणार होते, की शुक्रावर जीव असण्याची शक्यता मोठी आहे. सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. जगभरातले वार्ताहर पडद्यावरून जोडले जाणार होते.

काझीसरांच्या खोलीत जाऊन निलांबरीने दार लावून घेतलं. जुई बाहेर बाकड्यावर बसली होती.

"सर, ते हिंग आहे."

"काय आहे?"

"शुक्रावरचे तीन उंचवटे. आमच्या ओट्यावर आज सकाळी तेच उमटले. जुईच्या बेंबीला हिंग लावला तेव्हा."

काझीसरांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "अगं, जगभरातल्या गंधकोशात आपण शोधलं. एकाही वायूशी जुळलं नाही."

"त्या कोशात ज्वालामुखी आहेत, दलदली आहेत, धूमकेतू आहेत. फोडणी कोण घालणार त्यात? घरच्या घ्राणकाला हिंग ओळखता येतो, पण त्याला शुक्र माहीत नाही. दोघांची गाठ कोणी घातलीच नाही."

"पण हिंग तिथे पोचला कसा?"

निलांबरीने खुर्ची ओढली. यंत्राची शेवटची जोडणी झाली तेव्हा जुई तान्ही होती. रात्रभर पोटशूळाने रडायची, आणि सकाळी तिच्या बेंबीला हिंग लावून निलांबरी कामावर यायची. स्वच्छ कक्षाच्या दारावर मनाईचा फलक होता. अत्तर नको, पावडर नको, फुलं नको, तंबाखू नको. काझीसरांनी तर तेवढी वर्षं आवडीचं अत्तर सोडलं होतं. तिनेही सगळे नियम पाळले. पण हिंग कुणाच्या ध्यानातच आला नाही, कारण ज्या परदेशी तज्ज्ञांनी त्या फलकावरचे नियम लिहिले त्यांच्या देशात बाळाच्या बेंबीला हिंग लावत नाहीत, आणि ज्यांच्या देशात लावतात त्यांना हिंग म्हणजे वास असं वाटतच नाही.

"हात धुतले होते, हातमोजे होते," ती म्हणाली. "पण एक मोजा घालताना दुसऱ्या हाताची उघडी बोटं त्याला बाहेरून लागतातच. आणि हवा आत घेण्याच्या तोंडाशी जी जाळी आहे, ती मी बसवली."

काझीसर म्हणाले, "चला, सुटलो. चारला सांगू की चूक झाली. हसतील चार दिवस." त्यांच्या आवाजात सुटका अजिबात नव्हती. पुढच्या मोहिमेचं भवितव्य याच घोषणेवर टांगलेलं होतं, आणि निलांबरीची उमेदीची सगळी वर्षंही.

"तसंही नाहीये ना, सर!" निलांबरीने संगणकाचा पडदा चालू केला. "हे पाकोळी पोचली त्या दिवसाचं, आणि हे कालचं."

उजवीकडचे दोन उंचवटे, हिंगाचे जड रेणू, दिवसागणिक खचत गेले होते. उडून जाणाऱ्या डागाने तसंच वागायला हवं. पण डावीकडचा बुटका, सगळ्यात साधा आणि हलका रेणू, तो मात्र वाढत होता. रोज थोडा थोडा.

"हिंगच मोडून त्याचा हा हलका रेणू होत असेल. आम्लात मोडतोय," काझीसर म्हणाले.

"जेवढा मोडतोय त्याच्यापेक्षा जास्त तयार होतोय."

काझीसरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मग हा करतंय कोण?"

निलांबरीला उत्तराची शंका होती आणि ती तोंडावर आणायला तिला लाज वाटत होती. तिने दार उघडलं. "जुई, आत ये बाळा. पोट कसंय?"

"राहिलं दुखायचं. शाळेत सोडू नको आता."

प्रयोगशाळेत पाकोळीच्या घ्राणकाचं जुळं होतं. आकाशात काही बिघडलं तर जमिनीवर तपासता यावं म्हणून अशी जुळी करायची पद्धतच आहे. निलांबरीने जुईची बेंबी साबणाने धुतली, हिंगाचा मागमूस राहू दिला नाही, मग स्वच्छ कापसाचा बोळा आतून फिरवला. जुई खदखदून हसली. बोळा जुळ्याच्या तोंडाशी धरला.

पडदा क्षणभर सपाट राहिला. उजवीकडे काहीच उमटलं नाही. डावीकडे एक बुटका उंचवटा हळूच वर आला.

"माणसाच्या कातडीवरचे जंतू," निलांबरी म्हणाली. "बेंबीत पुष्कळ असतात. त्यातले काही हाच वायू सोडतात. माझ्या बोटाला त्या दिवशी नुसता हिंग नव्हता, सर."

शुक्रावर काही जगूच शकत नाही असं धरून तिथे जाणाऱ्या यानांना जंतुमुक्तीचे कडक नियम लावलेच नव्हते.

"आम्लात?" काझीसर जवळजवळ ओरडले. "अगं, त्या थेंबात बोट घातलंस तर हाड उरणार नाही. तिथे कातडीवरचा जंतू जगेल?"

"बाहेर नाही. यंत्राच्या आत, जाळीच्या मागे, एखाद्या कोपऱ्यात जगत असेल. हवा घ्यायच्या तोंडाचं झाकण लावून बघू या. झाकण लावूनही वायू वाढला तर घर आतच आहे."

निरोप गेला. शुक्रापर्यंत तो पोचायला आणि उत्तर यायला वेळ लागतो, तेवढ्यात जुईने काझीसरांच्या डब्यातला सांजा संपवला. उत्तर आलं तेव्हा दोघेही पडद्याला नाक लावून उभे होते.

झाकण लागलं आणि बुटका उंचवटा विरत गेला. झाकण उघडलं आणि तो पुन्हा उभा राहिला.

"म्हणजे बाहेर आहे," काझीसर खुर्चीत बसले. "ढगात आहे. म्हणजे ते शुक्राचंच! निलांबरी, हिंग गेला खड्ड्यात, आपण बरोबर होतो!"

तिलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मनात शंकेची पाल चुकचुकत होती. पाकोळी फुगा होती. फुगा वाऱ्याला कापत जात नाही, वाऱ्याबरोबर वाहतो. शुक्राचा वारा चार-पाच दिवसांत ग्रहाला फेरी घालतो, पण त्या फेरीभर फुग्याभोवतीचा ढग तोच असतो, बरोबर चालणारा.

"ती जिथून जाते तिथल्या ढगांचा वास आपण घेतलाच नाही, सर. पहिल्या दिवसापासून आपण एकाच ढगाचा वास घेतोय. त्यात आपल्या जाळीवरून काही पडलं असेल, आणि कसं कोण जाणे, जगलं असेल. किंवा ते आधीपासून तिथे होतंच. आपल्याला कळायला मार्गच नाही."

"मार्ग आहे. फुगा वर चढवू. वरच्या थराचा वारा वेगळा, ढग वेगळा. तिथेही सापडलं तर ते शुक्राचं."

"आणि नाही सापडलं तर ते आपलं, आणि तोवर आपण ते वरच्या ढगातही नेऊन टाकलेलं असेल."

काझीसर हळू आवाजात म्हणाले, "खालीही सोडता येईल. खालच्या आगीत सगळं जळून जाईल. फुगा, जाळी, सगळं."

"फुगा जळेल. ढग कुठे जळणार आहे?"

संध्याकाळी पाकोळी ग्रहाच्या पलीकडे जाणार होती. मग काही दिवस संपर्क नव्हता. वर, खाली, की आहे तिथेच, जे सांगायचं ते त्याआधी. काझीसरांनी कळफलक तिच्याकडे सरकवला. प्रमुख ते होते, पण घ्राणक तिचं होतं.

निलांबरीने कळफलक जवळ ओढला. वर पाठवलं तर शोध लागेल आणि ज्याचा शोध घ्यायचा तेच कदाचित नासेल. जाळलं तर प्रश्न मिटेल, पण फक्त तिच्यासाठी. आपण काय केलंय हेच तिला कळत नव्हतं, त्यामुळे पस्तावायचं की हरखायचं हेही ठरेना. शेवटी तिने एकच ओळ लिहिली, उंची बदलू नकोस, झाकण लावून घे. उत्तर कळत नाही तोवर निदान अजून काही सांडू नये, एवढाच त्यामागचा विचार.

चार वाजले. सभागृहात काझीसरांनी ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला. "सुरुवात कुठून करतेस?" त्यांनी कानाशी विचारलं.

"हिंगापासून," ती म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. पहिल्यांदा लोक हसले, मग हसायचे थांबले. शुक्राच्या ढगात काहीतरी जगत असावं, ती म्हणाली. ते तिथलं आहे की आमच्या घरातलं, हे आम्हाला ठाऊक नाही. शोधायला जावं तर आमच्याच हाताने ते पसरण्याचा धोका आहे. उद्या कोणी तिला वेंधळी म्हणेल, कोणी पहिली शोधक म्हणेल, आणि यातलं खरं कोणतं हे ती स्वतःही सांगू शकणार नव्हती.

प्रश्न विचारायला पडद्यावर कितीतरी हात वर झाले. पण सभागृहात मागच्या रांगेतला एक हात सगळ्यांच्या आधी वर झाला होता. शाळेत करतात तसा, कोपर ताठ.

"बोल, जुई," निलांबरी म्हणाली.

जुई उभी राहिली. एक हात नकळत पोटावर गेला होता.

"ते माझं असेल तर ठीक आहे," ती म्हणाली. "पण तिथे आधीपासून दुसरं कोणी राहत असेल, आई, तर आपण गेल्यापासून त्याचं पोट दुखत असेल का?"