हल्दीदेवाची ढाल

पुजारी सकाळी हल्दीदेवाच्या देवळाचं दार उघडायला गेला, तर पायरीवर पहारेकरी इशिये मरून पडलेला. डोकं फुटलेलं. दारावरची काशाची ढाल गायब. शेजारी मातीची एक पाटी.

उरार्तू राज्यातल्या तुश्पाच्या गडावर लिहिता-वाचता येणारे म्हणून दोघंच ओळखले जात. म्हातारा लेखनिक सुना आणि वीस वर्षांपूर्वी लढाईत पकडून आणलेला परक्या असुरदेशीचा इब्नी. गडकरी सेतिनीने सुनाला बोलावलं.

"वाचा काका. आम्ही शिपाईगडी, आम्हाला अक्षरं म्हणजे कावळ्याचे पाय!"

सुनाने पाटीवर नजर फिरवली आणि तो थबकला. त्यांच्या उरार्तू बोलीत करणाऱ्याच्या नावाला 'शे' लागतो, आपल्या मराठीतल्या 'ने'सारखा. इथे इशिये आणि हल्दी ही दोन्ही नावं 'शे'विना उघडी होती. शेंबडं पोरही असं बोलत नाही. बोलेल तो परकाच. इब्नी वीस वर्षांत एकदाही असा चुकला नव्हता, पण हे ऐकून घेणार कोण?

सुनाने चूक गिळली आणि शुद्ध वाचलं, "इशियेशे ढाल नेली. हल्दीशे त्याला मारलं."

तरीही सेतिनीने इब्नीला धरून आणवलंच.

"रात्री कुठे होतास रे?" सुनाने विचारलं.

"धान्यकोठीत, काका."

"बाहेर पडलास?"

"कसा पडणार? बाहेरून कडी. कैदी ना मी!"

सेतिनी खवळला. "खोटारडा! 'शे' खाणारा दुसरा आहे कोण इथे?"

सुना सावकाश वळला. "कुठला 'शे', गडकरी?"

"त्या पाटीवरचा!"

"मी तर दोन्ही वाचले. सगळ्यांनी ऐकले. पाटीवर ते नाहीत, हे कळेल फक्त वाचणाऱ्याला. नाहीतर लिहिणाऱ्याला."

सेतिनीने पाटीकडे हात केला; सुनाने ती मागे घेतली.

"तुम्हाला अक्षर येतं. ढाल उतरवताना इशियेने पाहिलं, म्हणून तो मेला. चूक मुद्दाम केलीत, मी बोंब मारावी आणि इब्नी अडकावा म्हणून. तुमच्या घराची झडती घेऊ द्या, ढाल मिळेल."

अंगणातल्या शिपायांना पटलं होतं, ते त्यांच्या खाली गेलेल्या माना सांगत होत्या. पाऊल मात्र एकानेही उचललं नाही.

सेतिनी हसला. "डोकं आहे हो काका तुम्हाला! पण राजा उत्तरेच्या स्वारीवर. तोवर इथला न्याय मी. कडेलोट करा इब्नीचा!" त्याने कड्याकडे बोट केलं.

सुना शिपायांच्या पाया पडला, हातांना लोंबकळला. त्यांनी त्याला अलगद उचलून पायरीवर बसवलं.

"राहू द्या काका," इब्नी म्हणाला, "कंबर दुखेल तुमची."

त्याला घेऊन गेले. सुना त्याला नावाने हाका मारत राहिला. कडा येईपर्यंत इब्नी प्रत्येक हाकेला ओ देत होता.