एक डोकं सोडून

समुद्राच्या उशाशी एवढा अवाढव्य पोहण्याचा तलाव बांधायची अक्कल कोणाला सुचली, हे मामांना बावीस वर्षांत कळलं नव्हतं. वाळूचा एक पट्टा ओलांडला की पलीकडे फुकटचा समुद्र, आणि अलीकडे हॉटेलवाल्यांनी त्याच समुद्राचं पाणी खेचून, गाळून निळ्या फरश्यांत ओतलेलं. लांबी इतकी, की या टोकाला बोंब मारली तरी त्या टोकाचा माणूस मान वळवायचा नाही. झाडूवाले काठाने सायकलवरून फिरायचे. पाहुणे समुद्राकडे पाठ करून दिवसभर तलावात डुंबायचे, आणि घरी जाऊन सांगायचे की आम्ही समुद्रावर जाऊन आलो. सांगोत बापडे.

काठावर चार उंच खुर्च्या होत्या आणि चार जीवरक्षक. मामा चौथ्या खुर्चीवरचे, म्हणजे अगदी शेवटच्या, जिथे तलाव सर्वांत खोल होता. हा त्यांचा शेवटचा हंगाम. गुडघे शिडी चढताना कुरकुरायचे, पाठ उतरताना. पहिल्या दहा वर्षांत त्यांनी सात जणांना वाचवलं, पुढच्या बारा वर्षांत एकालाही वाचवायची वेळ आली नाही, आणि आता त्यांना फक्त झोप हवी होती. अख्खं हॉटेल त्यांना मामाच म्हणायचं, साहेबांपासून पाहुण्यांच्या पोरांपर्यंत. एकटी त्यांची नात त्यांना आजोबा म्हणायची, आणि त्या एका हाकेवर त्यांचा दिवस निघायचा.

नात सात वर्षांची. एका जागी टिकायची नाही म्हणून तिला मुंगी म्हणत. लेक हॉटेलच्या धुलाईघरात कामाला, जावई जहाजावर. शाळेला सुट्टी लागल्यावर मुंगीला ठेवायचं कुठे? धुलाईघरात वाफेने मोठ्यांचाच जीव जायचा. शेवटी लेकीने परवानगी दिली, पण अट घालून.

"बाबा, तुम्ही खुर्चीवर असाल तेव्हाच ती पाण्यात. आणि तुमच्याच भागात. घंटा झाली की तुमच्या शिडीच्या पायरीवर बसेल."

"अगं, बावीस वर्षं लोकांची पोरं सांभाळली मी."

"लोकांची ना? ही माझी आहे."

मामांनी अट कबूल केली.

ही घंटा म्हणजे काय, ते सांगायला हवं. समुद्राकडून वारा सारखी वाळू आणायचा आणि ती तलावाच्या तळाशी बसायची. म्हणून दर तासाला घंटा व्हायची, सगळे बाहेर यायचे आणि दहा मिनिटं पाणी रिकामं ठेवायचं. चारही जीवरक्षक आपापला भाग नजरेखालून घालायचे आणि कोणी नाही याची खात्री झाली की हिरवा झेंडा वर करायचे. चार झेंडे दिसले की काचेच्या खोलीतला पंपवाला खटका दाबायचा, आणि तळाच्या जाळ्या पाणी ओढू लागायच्या. त्या ओढीपुढे पट्टीचा पोहणारासुद्धा टिकला नसता. म्हणजे झेंडा ही साधी खूण नव्हती, जबान होती. मामांनी आजवर खोटी जबान दिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात अभिमान बाळगावा असं त्यांच्यापाशी एवढंच होतं.

हंगाम संपायला चाळीस दिवस उरले असताना त्यांना ते डोकं पहिल्यांदा दिसलं.

अकराची घंटा झाली होती. लोक टॉवेल गुंडाळून काठावर बसले होते, पाणी हळूहळू स्थिर होत होतं. आणि पलीकडच्या कडेला, काठावरच्या सातव्या खांबासमोर, एक डोकं. काळे, ओले केस. नाकापासून खाली सगळं पाण्यात.

मामांनी शिट्टी फुंकली. "ओ! बाहेर या!"

डोकं हललं नाही. काठावरची माणसं मात्र माना उंचावून बघू लागली. तिसऱ्या खुर्चीवरच्या ताईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"मामा, कोण?"

"ते काय, सातव्या खांबापाशी!"

"कोणीच नाही तिथे."

मामांनी पुन्हा पाहिलं. खरंच नव्हतं. कोणीतरी खुसखुसलं, कोणीतरी म्हणालं की मामांना ऊन लागलं. संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं. "मामा, पंपाला पाच मिनिटं उशीर झाला. काही त्रास होतोय का? सांगा, खुर्ची दुसऱ्याला देऊ." मामा म्हणाले, नाही साहेब, भास झाला.

दुसऱ्या दिवशी अकराला ते पुन्हा होतं. बाराला होतं. एकला होतं.

सांगायचं कोणाला? सांगितलं तर खुर्ची जाणार, आणि खुर्ची गेली की मुंगीचं पोहणं बंद, ते एक वेळ चाललं असतं. पण लेकीला कारण सांगावं लागलं असतं की बाई गं, तुझ्या बापाला नसलेली माणसं दिसतात. मामांनी कानाला खडा लावला. पुन्हा शिट्टी फुंकायची नाही. घंटा झाली की भाग नजरेखालून घालायचा, डोकी मोजायची, सातव्या खांबापाशी एक येणारच. ते एक सोडून द्यायचं. बाकी शून्य. झेंडा वर.

एक सोडून द्यायचं. मनातल्या मनात ते रोज आठ वेळा म्हणायचे. कोणापाशी कधी बोलले नाहीत. आणि गंमत बघा, माणसाला कशाचीही सवय होते. आठ दिवसांत त्यांना त्या डोक्याचा कंटाळा यायला लागला.

फक्त एक भीती होती, आणि ती मात्र रात्रंदिवस पोखरायची. उद्या त्या जागी खरंच कोणी असलं तर?

म्हणून सुट्टीच्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी अक्षरं वाचायला लावली, थेंब घातले, दिवा मारला. मग हसून म्हणाल्या, "या वयात असे डोळे? मला द्या हो मामा, बदलून घेऊ."

"नीट बघा. काही डाग, जाळं?"

"काही म्हणजे काही नाही."

जीव भांड्यात पडायला हवा होता, उलट मामांनी बाईंना पुन्हा एकदा दिवा मारून बघायला लावलं. परत येताना बसमध्ये मामा खिडकीला डोकं टेकून बसले. डोळे खराब असते तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येत राहिलं.

त्या दिवसापासून त्यांनी डोक्याकडे नीट पाहायला सुरुवात केली. तोवर टाळतच होते. आणि त्यांना दिसलं, की ते मामांकडे बघत नाही. ते काठाकडे बघतं. तोंड डावीकडच्या पहिल्या माणसाकडे, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, असं सावकाश, एकेकावर थांबत उजवीकडे सरकतं. शेवटच्या माणसापर्यंत पोचलं की पाण्याखाली जातं.

ही मान कशी फिरते ते मामांना चांगलं ठाऊक होतं. बावीस वर्षं ते स्वतः तशीच फिरवत आले होते. ते मोजत होतं.

"ताई," एकदा त्यांनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "तुला कधी असं होतं का, की पाणी रिकामं असून रिकामं वाटत नाही?"

ताईने डबा झाकला. "मला तर चारनंतर माणसंसुद्धा माणसं वाटत नाहीत, मामा. नुसती डोकी दिसतात." मग जरा थांबून म्हणाली, "का हो?"

"काही नाही. थकलोय गं."

"थोडेच दिवस राहिलेत. काढा कसेतरी."

मामांनी काढले. दिवस सरले आणि डोकंही सरकत गेलं. सातव्या खांबावरून सहाव्या, मग पाचव्या. शेवटच्या आठवड्यात ते तलावाच्या मधोमध होतं. मुंगी मामांच्या शिडीच्या खालच्या पायरीवर पाय हलवत बसायची, डोक्याला पिवळी रबरी टोपी, आणि पाण्यातल्या त्या डोक्याची नजर काठावरून सरकत आली की पायरीवर जास्तच वेळ थांबायची. मामांना ते आवडलं नाही. "उद्यापासून नाही पोहायचं," असं ते म्हणाले. मुंगीने एवढा गळा काढला, की लेकीनेच समजूत घातली, "राहू द्या ना बाबा, दोनच दिवस उरलेत." आणि मामांत वाद घालायची ताकद उरली नव्हती.

शेवटचा दिवस. चारची घंटा, हंगामातली शेवटची. ऊन तिरपं होऊन पाण्यावर पसरलं होतं, बघवत नव्हतं. सकाळपासून लोक येऊन हात मिळवून जात होते, मामा आता आराम करा, मामा तुमच्याशिवाय तलाव कसला. मामा हसून हसून दमले होते. लोक बाहेर आले. पाणी स्थिर झालं. मामांनी नजर फिरवली.

एक डोकं.

एक सोडून द्यायचं. बाकी शून्य.

त्यांनी झेंडा वर केला. पहिला, दुसरा, तिसरा झेंडा आधीच वर होता. सुटलो एकदाचा, असं वाटून त्यांनी खाली पायरीकडे पाहिलं.

पायरी ओली होती. मुंगी नव्हती.

मामांनी पुन्हा पाण्याकडे पाहिलं. डोळ्यांत ऊन जात होतं. त्या उन्हात ते डोकं काळं होतं की पिवळं, ते काही केल्या ठरेना. पण आज ते काठ मोजत नव्हतं. ते सरळ मामांकडे बघत होतं.

झेंडा फेकून, शिट्टी फुंकत त्यांनी वरूनच उडी घेतली.

तळ घरघरला. पंपवाल्याने शिट्टी ऐकून खटका बंद केला असणार, पण ती ओढ थांबायला मिनिट जातं. मामा डोक्यापाशी पोचले तेव्हा डोकं नव्हतं. त्यांनी बुडी मारली.

खाली सगळा फेस. वाळू. काही दिसेना.

हात चाचपत गेला आणि हाताला हात लागला. लहानसा. ढिला.

मग दुसरा. तोही लहानच. त्याने मनगट घट्ट धरलं.

छातीत श्वास एकापुरताच होता. ज्याने धरलं होतं, त्याला घेऊन मामा वर आले.

ती मुंगी होती. टोपी गेली होती, केस तोंडावर चिकटले होते, पण मुंगीच होती, डोळे उघडे, छाती हलतेय. काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईने तिला वर ओढून घेतलं. धुलाईघरातून लेक ओल्या हातांनी धावत आली आणि पोरीला छातीशी धरून मोठ्याने रडली. मुंगी रडली नाही. खोकलीही नाही.

"मामा! पाणी रिकामं?" पंपवाला खोलीतून ओरडला.

मामा अजून पाण्यातून काठावर चढत होते. ताईने चौथा भाग नजरेखालून घातला. "रिकामं!"

मामांनीही पाहिलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा पाण्यावर एकही डोकं नव्हतं. पुन्हा बुडी मारायला हवी, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, एक गेलं होतं, एक आलं. ढिला हात कदाचित तिचाच दुसरा हात असेल. ते आपल्या शिडीला पाठ लावून बसून राहिले, आणि पंप पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाव उपसला. हंगाम संपल्यावर उपसतातच. निवृत्त झालेले मामा अनवाणी तळावर उतरले आणि चौथा भाग फरशी न् फरशी चालून पाहिला. शेवटच्या जाळीपाशी पिवळी टोपी सापडली. बाकी वाळू.

"काय शोधताय एवढं?" पंपवाल्याने काठावरून विचारलं.

"टोपी."

"मग सापडली ना?"

"सापडली," मामा म्हणाले, आणि तरी दुपारपर्यंत चालत राहिले.

ते राहत्या खोलीवर पोचले तेव्हा लेकीचा स्वयंपाक होत आला होता. मुंगी खिडकीपाशी बसली होती. काल संध्याकाळपासून ती तिथेच बसून होती, अजिबात चुळबुळ न करता. लेकीच्या मते पोर घाबरली होती, होईल हळूहळू नीट. मामांनी टोपी पुढे केली. मुंगीने ती घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि दुसऱ्या कोणाची वस्तू ठेवावी तशी बाजूला ठेवली.

"ताटं घे बाळा," लेक म्हणाली.

मुंगी उठली. तिने दोन ताटं मांडली.

"अगं, किती जणं आहोत आपण?"

मुंगीने मान डावीकडे नेली. तिथून सावकाश उजवीकडे आणली. आईवर थांबली. मामांवर थांबली.

"दोन," ती म्हणाली.

"आणि तू गं वेडाबाई?" लेक हसली.

मुंगी हसली नाही. तिने मामांकडे पाहिलं.

"एक सोडून द्यायचं असतं," ती म्हणाली. "हो ना, मामा?"