हा सराव आहे

आपत्कालीन आरोग्य प्रशिक्षण केंद्राच्या नियंत्रण कक्षात डॉ. यमुना केळुसकर फोन कानाला लावून उभ्या होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"बाई, तीनदा पाठवला संदेश," पलीकडून रंजना तांडेल बोलत होती. मुरुंब्याच्या खाडीकाठच्या आरोग्य केंद्रातली ती परिचारिका. "दर खेपेला परत येतो. म्हणे, 'संदेश सदोष, दुरुस्त करून पाठवा.' काय दुरुस्त करू? कालवं काढायला गेलेल्या बायका तापाने फणफणल्यात. माझी जाऊ पारू, तिला तर धाप लागलीय."

"ओठ निळे पडलेत?"

"पडायला लागलेत, बाई."

खाडीताप! शंकेला जागाच नव्हती. या तापावर, तो चढल्यानंतरही लागू पडणारी एक लस होती. श्वास थांबायच्या आत टोचली तर माणूस हमखास वाचे. जिल्ह्याच्या भांडारात तिचे डबे भरून ठेवलेले होते. पण भांडाराचे दार, गाड्या, खाटा, सगळे 'समीक्षक' नावाच्या स्वयंशिक्षित यंत्राच्या हुकमावर चाले. त्याचा हुकूम सुटल्यावाचून कुलूप निघत नसे.

फोन चालूच ठेवून केळुसकर शेजारी बसलेल्या निखत मुजावरकडे वळल्या. समीक्षक घडवणाऱ्या अभियंत्यांपैकी ती एक.

"हा संदेश सदोष कसा? गाव आहे, लक्षणं आहेत, रुग्ण आहेत. काय उणं आहे यात?"

निखतने संदेश पडद्यावर घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "बाई, यात 'हा सराव आहे' असं लिहिलेलं नाही."

"कसं लिहिणार? सराव नाहीच आहे!"

"ते तुम्हाला कळतं. त्याला कोण सांगणार?" निखतने खुर्ची वळवली. "एखाद्या मुलाला जन्मभर सोललेलंच केळं दिलं, तर सालीसकट केळं पाहून ते म्हणेल, हे केळं नव्हे. समीक्षकाला आपण नियम शिकवले नाहीत. इतक्या वर्षांच्या सरावांतले संदेश त्याच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, चांगला कोणता, वाईट कोणता, तूच ओळखायला शीक. आता, आरंभी 'हा सराव आहे' लिहायला जो विसरला, त्याचे गुण तुम्ही कापत होतात. हो ना?"

"कापणारच. एकदा ते वाक्य राहिलं, तर लोकांना साथ खरीच वाटून बस स्थानकावर चेंगराचेंगरी झाली होती. पाय मोडले लोकांचे."

"तुमचं बरोबरच होतं, बाई. पण खरी साथ या सगळ्या वर्षांत आलीच नाही. खरा संदेश त्याने कधी पाहिलाच नाही. तेव्हा तो एवढंच शिकला, की ज्यात ते वाक्य नाही तो संदेश चुकलेला."

"नव्याने शिकव त्याला."

"आठवडा लागेल."

फोनमधून कुणाच्या तरी धापेचा आवाज येत होता. केळुसकर खुर्चीत बसल्या. वर्गात फळ्यावर त्या नेहमी लिहीत, 'गोंधळलेली माणसं रोगापेक्षा जास्त मारतात.' हजारो परिचारिका, चालक, डॉक्टर त्यांच्या हाताखाली शिकून गेले होते. खोटे बोलायला मात्र त्यांनी कुणाला शिकवले नव्हते. त्यांनी कळफलक पुढे ओढला आणि लिहिले:

'हा सराव आहे. मुरुंबे येथे खाडीताप. रुग्णवाहिका व लसीचे भरलेले डबे तातडीने पाठवा. हा सराव आहे.'

यंत्राने डोळ्याचे पाते लवायच्या आत संदेश स्वीकारला. भांडाराचे दार उघडले. नकाशावर गाड्यांचे ठिपके असे धावू लागले, की निखत टाळीच वाजवणार होती.

"रंजना, धीर धर. निघाल्या गाड्या."

आणि गाड्या पोहोचल्याही. मग रंजनाचा आवाज आला, पण त्यात हायसे वाटल्याची खूण नव्हती.

"बाई, डबे रिकामे आहेत."

"काय?"

"सगळे. आणि गाडीतून दंडाला पिवळ्या पट्ट्या बांधलेले, सरावात रोग्याचं सोंग घेणारे स्वयंसेवक उतरलेत. तेच खाटांवर झोपलेत. म्हणतात, पट्टी नसलेल्यांनी बाहेर थांबा. चालक म्हणतो, तुमची पारू नाटक झकास करते हो!"

यंत्राने भांडाराकडे पुढे धाडलेला संदेश केळुसकरांनी पडद्यावर उघडला. 'भरलेले' हा शब्द त्यात नव्हता. सरावात लस वाया जाऊ नये म्हणून डबे रिकामेच जातात, हे समीक्षकाला पक्के ठाऊक होते. बाईंची चूक त्याने सुधारून घेतली होती.

भांडाराचे दार आता उघडेच होते. त्यांनी दुसऱ्या फोनवरून भांडार गाठले. तिथला प्रमुख हृषीकेश पोतनीस, त्यांचा लाडका विद्यार्थी.

"हृषी, भरलेले डबे काढ. आत्ताच्या आत्ता. हा सराव नाही!"

पोतनीस मोकळेपणाने हसला. "आलं लक्षात, बाई. शेवटची कसोटी ना?"

"अरे, माणसं मरतायत तिकडे!"

"तुम्हीच शिकवलंत की. सराव रंगात आला, की कुणीतरी रडून-ओरडून सांगेल, हे खरं आहे. त्याला भुलायचं नाही, साठा फोडायचा नाही. मागच्या खेपेला तुम्ही स्वतः रडला होतात फोनवर. मी फसलो होतो. पन्नासच गुण दिलेत."

"हृषी, मी हात जोडते. कोणत्या शब्दांत सांगू म्हणजे तुला पटेल?"

पलीकडे तो खरेच विचार करत होता. परीक्षेत नेमके उत्तर हवे असले, की तो असाच थांबे.

"असा शब्द तुम्ही ठेवलाच नाहीत, बाई," तो समाधानाने म्हणाला. "यंदा पूर्ण गुण द्यायचे हं."

टेबलावर रंजनाचा फोन अजून चालू होता. त्यातली धाप मात्र आता ऐकू येत नव्हती.