घरी बोललेली वीस मिनिटं

खोली क्रमांक चौदामध्ये सहा दुमजली खाटा होत्या. गाद्या अकरा, माणसं अकरा, पाण्याचे जार तीन, त्यातला एक रिकामा. वातानुकूलन यंत्र एक, बंद. बाराव्या जागेवर नुसती फळी होती. तिथला महादेव रेवाळे गेल्या गुरुवारी भर दुपारी बांधकामाच्या परांचीवर बसल्या बसल्या गेला होता.

शर्वाणी ओगलेनं हे वहीत लिहून घेतलं. ती संख्याशास्त्र शिकलेली होती आणि प्रवासी मतदारसंघाची मापन अधिकारी म्हणून आखातात येऊन तिला पाच महिने झाले होते.

या मतदारसंघाला संसदेत एक जागा होती, पण तिच्यावर माणूस बसत नसे. देशोदेशी विखुरलेल्या लाखो मतदारांना एकटा खासदार कसा भेटणार, म्हणून तीन वर्षांपूर्वी ‘लोकस्वर’ आलं होतं. हे यंत्र मतदारांचं बोलणं ऐकून त्यांचा त्रास शंभरपैकी एका आकड्यात सांगे. त्याला त्रासांक म्हणत. एखाद्या कामगार छावणीचा त्रासांक पंचविसाच्या वर गेला, तरच तिची मागणी सभागृहात मांडली जाई.

“तुमच्या छावणीचा या आठवड्याचा आकडा ४.१ आहे,” शर्वाणी म्हणाली.

इक्बाल परकार मोठ्यानं हसला. तो दापोलीकडचा, इथं सतरा वर्षं काढलेला. त्याला विचारल्याशिवाय छावणीत कुणी कशावर सही करत नसे. “चार? अहो मॅडम, आमच्या गावात एस्टी चुकली तरी माणसाला दहा त्रास होतो. इथं माणूस मेला ना!”

मागणी साधी होती. तापमापकाला ओलं कापड गुंडाळलं की घाम वाळू शकतो की नाही ते कळतं. हे ओलं तापमान एकतीसच्या वर गेलं की काम थांबावं, आणि सगळ्यांची मूत्रपिंडं तपासून, ज्यांची बिघडली असतील त्यांना सावलीतलं काम मिळावं. सगळ्यात जास्त गरज होती ती खालच्या खाटेवर बसलेल्या सुभाष गोताडला. शर्वाणीनं त्याच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. खळगा भरायला अकरा सेकंद लागले. डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे त्याची मूत्रपिंडं एक तृतीयांशच काम करत होती. सभागृहाच्या सोमवारच्या यादीत मागणी आली नाही, तर मंगळवारी त्याला पुन्हा परांचीवर चढायचं होतं.

“पण आम्ही तक्रार केलीच की,” सुभाष म्हणाला. “त्या तक्रारीच्या डबड्यासमोर उभं राहून बोललो मी.”

“ते धरत नाहीत. शिकवून बोललं असेल म्हणून गाळतात.”

“मग धरतात काय?”

“तुमचे घरचे फोन. मतदार कार्ड घेताना तुम्ही परवानगी दिली होती.”

शर्वाणीनं समजावून सांगितलं. कंपनीचा माणूस शेजारी असला की कामगार खरं सांगत नाहीत, हे लोकस्वर बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी असं बोलणं शोधलं, जिथं माणूस कुणाला घाबरत नाही. माणूस घरच्यांशी खोटं बोलत नाही, हे गृहीतक अहवालाच्या चौथ्या पानावर छापलेलं होतं.

“लिहिणाऱ्यानं कधी घर सोडलेलं दिसत नाही,” इक्बाल म्हणाला.

“शब्दांवर सगळं नसतं. आवाजातला कंप, श्वास, थांबणं, तेही मोजतात.”

“मोजू देत. घरी बोलताना आवाज खरंच बरा असतो, मॅडम. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं बरी असतात.”

शर्वाणीनं हे वाक्य जसंच्या तसं लोकस्वरच्या मुख्य कक्षाला कळवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: गृहीतक तपासलेलं आहे, एका व्यक्तीच्या मतावरून ते बदलता येणार नाही.

मग एकच मार्ग उरला. इक्बालनं छावणीतल्या चारशे बारा जणांना जेवणाच्या शेडमध्ये जमवलं.

“सोमवारपर्यंत सात दिवस,” तो म्हणाला, “घरी खरं सांगायचं. ऊन, पाणी, रेवाळे, सगळं. रडू आलं तर रडायचं. सुभाषसाठी. कबूल?”

“कबूल!” चारशे आवाज एकदम उठले. कुणीतरी मागून ओरडलं, “परकार, आधी तू भाभीला सांग, मग आम्ही!” सगळे हसले. शर्वाणीला वाटलं, आकडा चाळिसावर जाईल.

शुक्रवारी सुट्टी होती. जेवणानंतर ती चौदा नंबरमध्ये आली तेव्हा सुभाष बादलीत पाय सोडून फोन लावत होता. तिला पाहून त्यानं मान डोलावली, आज सांगतो अशी.

“आये, जेवलीस काय गो?”

पलीकडून म्हातारीचा आवाज खणखणीत आला. “जेवलू. तुझी तब्येत बरी हाय ना? रेवाळ्याच्या घरी काय काय बोलतात लोकं. माझा जीव थाऱ्यावर नाय रे.”

सुभाषनं इक्बालकडे पाहिलं. इक्बालनं हातानं खूण केली, बोल. सुभाषनं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि बादलीतल्या पायांकडे बघत राहिला.

“त्याला आधीपासून आजार होता,” तो म्हणाला. “मला काय धाड भरलीय? वजन वाढलंय माझं.”

“खरंच?”

“तर! चपला बसत नाहीत पायात.”

म्हातारी हसली. सुभाषही हसला, मोकळं, पोटातून. शर्वाणीच्या हातातल्या लोकस्वरच्या पडद्यावर त्याच्या आवाजातल्या कंपाची रेघ सपाट होती.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “उद्या सांगतो, ताई. आज तिचा उपास सुटलाय.”

“तुम्ही सांगितलंत?” शर्वाणीनं इक्बालला विचारलं.

“मुलीची परीक्षा आहे,” इक्बाल म्हणाला. “बाकीचे सांगतीलच की.”

सोमवारी सकाळी नऊ वाजता आकडे आले. मतदार ४१२. घरी केलेले फोन १,९३६, मागच्या आठवड्यापेक्षा ३०७ जास्त. सरासरी वेळ बावीस मिनिटं. त्रासांक २.६.