दोन दरवाजांची मयूरी

गाडीचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हेच कमळाला कळलं नाही, म्हणून तर पुढचं सगळं रामायण घडलं. टेमघरच्या नाक्यावर ती विचित्र गाडी उभी होती. पुढून चपटी, मागून चपटी, पावाच्या लादीला चाकं लावावीत तशी. आता ही पुढे जाईल असं समजून कमळा खुशाल मागून निघाली, आणि गाडी मागे येत नेमकी तिच्याच अंगावर आली. करकचून ब्रेक लागला. कमळा वाचली, पण पिशवीतला सुका जवळा रस्ताभर सांडला.

आतून एक सडपातळ तरुण उतरला. भर ऑक्टोबरच्या उन्हात गळ्यात टाय! उकिडवा बसून तो मुकाट जवळा गोळा करायला लागला.

"डोळे घरी ठेवून आयलास काय?" कमळाने विचारलं.

"डोळे आहेत हो. पण या गाडीतून मागचं दिसतच नाही. काच बारकी आहे."

"मग चालवतोस कशाला?"

"विकायची आहे."

कमळाला हसू फुटलं होतं, पण तेवढ्यात तो म्हणाला, "बाळाराम शेठचं घर कुठे आलं?" आणि ते हसू जागच्या जागी विरलं. बाळाराम शेठ म्हणजे तिचा बाप. त्याची शेती गोदामवाल्यांनी घेतल्यापासून दारात विमावाले, टीव्हीवाले, लादीवाले यांची रीघ लागली होती. गुळाचा पत्ता मुंगळ्यांना सांगावा लागतो का? जवळासुद्धा यानेच मुद्दाम सांडवला असणार, असं कमळाने मनाशी ठरवून टाकलं.

त्याचं नाव हिरामण. नारपोलीचा, बाप कापडाच्या लूमवर कामाला. गाडीचं नाव मयूरी. अठ्ठ्याऐंशी साल होतं ते. लोकांना मारुती हवी होती, तिच्यासाठी नंबर लावून थांबायची तयारी होती; मयूरी आजच्या आज घेऊन जा म्हटलं तरी कोणी ढुंकून बघत नव्हतं. येणारा जाणारा तिच्या अंगावर टकटक करून बघायचा आणि म्हणायचा, "प्लास्टिक है."

त्यात तिला दरवाजे दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. पुढे पुरुष बसणार, मागे बाया, आणि पुरुष उतरल्याशिवाय बाईला उतरायची सोय नाही. ही गाडी काढणाऱ्याने घरची बाई कधी गाडीत बसवली नसावी! गाडी दाखवायला काढलेल्या पहिल्याच फेरीत कमळाची आत्या, आक्का, उतरताना लुगड्यासकट अडकली. गल्ली गोळा होऊन हसायला लागली. हिरामण झटकन उतरला, सीट वाकवली, आक्काला धरायला हात पुढे केला आणि स्वतः मान वळवून समोरच्या आंब्याकडे बघत उभा राहिला. मग कमळा उतरली. तेव्हाही त्याने मान वळवली... पण जरा उशिरा.

कमळाला ते बरं वाटलं, आणि लगेच संशयही आला. मान वळवायचंसुद्धा यांना शिकवत असतील, कोण जाणे.

मग दर आठवड्याला तो यायचा. आक्का त्याला चहा द्यायची आणि कमळा उलटतपासणी घ्यायची.

"घाट चढेल का?"

"दोघंच असाल तर."

"दोघं म्हंजे कोन कोन?"

"ते तुम्ही ठरवायचं." तो हळूच म्हणायचा आणि कपात बघायचा.

"पत्रा न्हाय, मग ठोकर लागली तर?"

"तडा जातो. पोचा येत नाही."

"बाकीच्या गिऱ्हाइकांना पन हेच सांगतोस?"

"ते विचारत नाहीत. सगळे नुसते हसतात. तुम्ही विचारता, म्हणून..."

म्हणून काय, ते त्याने सांगितलं नाही. कमळा रात्रभर तळमळली. खोटं बोलणारा माणूस पकडता येतो. पण इतकं गोड खरं बोलणाऱ्याचं करायचं काय? त्याचा डोळा आपल्यावर आहे, की आपल्यावरून बापाच्या पैशावर?

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा बाळाराम शेठने जाहीर केलं, "पोरगा गुणाचा हाय. गाडी घेऊन टाकू." हिरामण कागद घेऊन आला. कमळाने त्याला अंगणातच अडवलं.

"न्हाय विकली तर काय होईल?"

"नोकरी जाईल. वर्षात एकही गेली नाही."

"एकच सांग. तुझ्या बापाला ही गाडी घे म्हनशील?"

त्याने टायची गाठ सैल केली. मग आत जाऊन त्याने कागद बाळाराम शेठसमोर ठेवले आणि त्यांवर हात दाबून धरला.

"शेठ, घेऊ नका. कंपनी बंद पडायला आलीय. उद्या साधा दिवा फुटला तरी मिळायचा नाही."

हिरामण गाडी घेऊन गेला तो गेलाच.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा आला. कमळा रोज नाक्याकडे बघायची आणि स्वतःवरच चिडायची. गाडी संपली, येणंही संपलं. म्हणजे आपला संशय खरा होता की! खरा ठरला तर बरं वाटायला हवं ना? तिला तर रडू येत होतं. तिचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं आणि ते सांगायला आता समोर कोणी नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो आला. चालत. टाय नाही, हात ऑइलने काळे.

ओटीवरून बाळाराम शेठ म्हणाला, "आता काय विकायला आनलंस?"

"काही नाही शेठ. कमळाला मागणी घालायला आलोय. वडील मंगळवारी येतील. कल्याण नाक्यावर ट्रकच्या गॅरेजात लागलोय, पगार कमी आहे, ते आधीच सांगतो."

बाळाराम शेठने हसू मिशीत दाबलं. "मला नको, तिला ईचार."

कमळा दाराच्या आडच होती. ती बाहेर आली, पण हसली नाही.

"पाच महिने कुठं मेला होतास?"

"रिकाम्या हाताने आलो असतो तर तू म्हणाली असतीस, बापाच्या पैशावर डोळा आहे."

"ते मी आता पन म्हनतंय."

हिरामणचा चेहरा उतरला. "मग... काय करू?"

"काय करनार? मी जल्मभर म्हनत र्‍हाईन," कमळा म्हणाली. "तू जल्मभर ऐकत र्‍हा."