रस्त्याच्या अलीकडचं सायगॉन

पूर्वाने घोटाळा केला तो आयर्लंडमधल्या डंडॉक गावात, एका दुकानाबाहेर, रांगेत. पुढे दोन मीटरवर उभा असलेला उंच मुलगा फोनवर मराठीत सांगत होता, विमानं नीट सुरू झाली की कंपनी मला सायगॉनला पाठवतेय, आणि त्या शहरातलं मला ओ की ठो कळत नाही. फोन संपायच्या आत पूर्वा बोलून बसली, "मला माहितीये ना. सहा महिने राहिलेय मी तिथे."

सहा महिने कसले डोंबलाचे! ऑफिसच्या कामाला चार दिवस गेली होती. हॉटेलसमोरचा स्कूटरींचा लोंढा बघून या पुण्याच्या पोरीने सवयीने हात दाखवला, धावली, मध्येच घाबरून मागे फिरली, आणि दोन स्कूटरी एकमेकींवर आदळता आदळता राहिल्या. त्यानंतर टॅक्सीशिवाय बाहेर पाऊल नाही. समोरचा बाजार तिने खोलीच्या काचेतून पाहिला, मेतकूट-भात खात.

पण त्या मुलाचे, गंधारचे, डोळे — मास्कच्या वर तेवढेच दिसत होते — असे काही हसले, की खरं सांगायचं राहूनच गेलं.

मग लॉकडाऊनच्या पाच किलोमीटरच्या नियमात बसेल तेवढं दोघं रोज फिरू लागले. भुरभुर पावसात ती त्याला सायगॉन दाखवायची. काल भाजीबाजार होता तिथे आज काचेचा मनोरा, गल्लीतली पहाटेची नूडल्सची वाफ, बर्फातली दाट कॉफी... रस्ता ओलांडायचं तंत्रही तिनेच ठासून शिकवलं. धावायचं नाही, थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही. स्कूटरी आपल्या कडेने निघून जातात. सगळं आदल्या संध्याकाळी व्हिडिओ बघून पाठ केलेलं. तो मन लावून ऐकायचा, मध्येच तिच्या टोपीवरचं पाणी हळूच झटकायचा, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी तो चालता चालता थांबला. "लग्न करून जाऊ या का — दोघं? तू असलीस तर मला तिथे कशाची भीती नाही."

पूर्वाला रडूच फुटलं. हुंदके देत तिने सगळं सांगून टाकलं, हॉटेलची काच, मेतकूट, व्हिडिओ. मान वर करायची लाज वाटत होती, म्हणून त्याच्या बुटांकडे बघत बोलली.

"रोज माझ्या तोंडावर थापा मारल्यास?" त्याने विचारलं. आवाज दुखावलेला होता.

"हो."

"का पण?"

"तू ऐकायला येत होतास... म्हणून."

तो वळला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला. गेला, संपलं, असंच तिला वाटलं. स्वतःच्या जिभेची एवढी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पलीकडे पोचून तो मागे वळला. "ये," त्याने हाक मारली. "तूच शिकवलंस ना, कसं ओलांडायचं?"

रस्त्यावर येऊन-जाऊन पावाची एक व्हॅन येत होती. पूर्वाने पाऊल टाकलं. धावली नाही. व्हॅन थांबली, ड्रायव्हरने "यू आर ग्रँड", म्हणजे जा निवांत, म्हणत हात हलवला. ती थांबली नाही, मागेही फिरली नाही.

गंधारने तिचा ओला हात धरला. "अजून रागावलोय मी," तो म्हणाला. "पण सायगॉन आपण दोघं पहिल्यांदाच बघू."

ती मान खाली घालूनच हो म्हणाली.