मादाम लेरमाँचा पंखा

हिरणगावच्या संग्रहालयात यंत्राचा हात पुन्हा अडला. पाण्यात बुडवलेला कुंचला काळ्या शिळेवर गालाची गोलाई काढायला निघायचा आणि स्वतःच्याच कोपराला आपटून थांबायचा. चित्रविभाग सांभाळणाऱ्या इरावती धोंगडेनं कपाळाला हात लावला. दुपारी लेरमाँ दालनाचं उद्घाटन, पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक, आणि हा पठ्ठ्या ऐन वेळी रुसलेला.

"काल यानंच लेरमाँची दुसरी दोन चित्रं झरझर काढली," यंत्र बनवणारा तौफिक मुजावर म्हणाला. "हिच्याशीच काय बिनसलंय, कळत नाही मॅडम."

ही म्हणजे मादाम लेरमाँ. निळा रेशमी पोशाख, गळ्यात मोत्यांचा सर, उजव्या हातात मिटलेला पंखा आणि समोरच्याला जोखणारी नजर. एकोणिसाव्या शतकातल्या ऑग्युस्त लेरमाँ या फ्रेंच चित्रकारानं काढलेलं त्याच्या पत्नीचं हे चित्र संस्थानच्या राजेसाहेबांनी मोठ्या हौसेनं पॅरिसहून आणलं होतं. लेरमाँ पडला अकादमीच्या शिस्तीतला. ओल्या रंगावर मऊ केसांचा कुंचला फिरवून तिथे फटकारे असे मोडत, की कातडी चिनी मातीच्या बशीसारखी गुळगुळीत दिसावी. माणसाच्या डोळ्याला तिथे काही सापडत नसे, यंत्राला सापडे. त्याच्या लहरी वार्निशातून आत शिरून रंगाचा एकेक थर वाचत. कुठला फटकारा आधीचा, तो कुठून कुठे गेला, किती दाबून मारला, सगळं हुडकत. या माहितीला तौफिकनं नाव दिलं होतं 'हस्तगती'. मग यांत्रिक हात तेच फटकारे त्याच क्रमानं शिळेवर पाण्यानं काढून दाखवी.

इरावतीनं पडद्यावर गालाचे फटकारे मोठे करून पाहिले. सगळ्यांचा कल एकच, वर डावीकडून खाली उजवीकडे. तिनं आपला डावा हात हवेत तसाच फिरवून पाहिला. नैवेद्याचं पान डाव्या हातानं वाढलं म्हणून लहानपणी तिनं चापट्या खाल्ल्या होत्या, पण चित्र मात्र ती हट्टानं त्याच हातानं काढत आली होती. हा कल तिच्या घरचाच होता.

"तौफिक, हात काढा आणि डाव्या बाजूला बसवा."

"लेरमाँ उजव्या हातानं काढायचा, मॅडम."

"बसवा तर खरं."

हात बसला आणि पाण्यासारखा वाहू लागला. गाल आले, पापण्या आल्या, ती जोखणारी नजर आली. मग शिळेवर मादामच्या बोटांत एक बारीक काठी उमटली, टोकाला केसांचा झुबका असलेली. जुन्या क्ष-किरण छायाचित्रात ही काठी दिसली होती, पण पंख्याची आधी चुकलेली दांडी म्हणून सगळ्यांनी ती सोडून दिली होती. इरावतीनंही.

"कुंचला आहे हो हा," ती म्हणाली. आनंदानं तिचा आवाज चिरकला.

पुढचा थर पंख्याचा. तिथे हात पुन्हा आपटला. तौफिकनं तो परत उजव्या बाजूला बसवला, आणि उजव्या हातानं झपाझप पंखा काढून कुंचला झाकून टाकला. मग खाली लेरमाँची सही केली.

इतक्यात संचालक कारखानीस पितळी पाटी काखेत घेऊन आले. लेरमाँ दालन उभं करण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. इरावतीनं त्यांना धड बसूही दिलं नाही.

"सर, अशा चित्रशाळांत रीत काय होती? चेहरा आणि हात गुरूनं काढायचे, कपडे शिष्यांनी. इथे उलटं आहे. गुरूनं काढलाय फक्त पंखा. बाकी सगळी बाई त्या बाईनंच काढली. डावखुरी बाई आरशासमोर बसली, की चित्रात तिचा कुंचला उजव्याच हातात दिसणार."

"आज हे बोलायचं?" कारखानीसांचा चेहरा उतरला. "अगं, दालनाला नाव त्याचं. पाहुणे येतायत ते त्याच्यासाठी."

"म्हणूनच आज. खोटी पाटी लागली, की ती काढायला आणखी दीडशे वर्षं जातील."

"पुन्हा दाखव," ते म्हणाले. त्यांनी सगळं पाहिलं, हात इकडून तिकडे बसवण्यासकट. पाटीवर कोरलं होतं, 'मादाम लेरमाँ. चित्रकार : ऑग्युस्त लेरमाँ.' त्यांनी ती टेबलावर पालथी ठेवली.

"बरं, मग लिहायचं काय? मादाम लेरमाँ हे तरी तिचं नाव कुठाय? ते नवऱ्याचं."

तौफिकनं पडद्यावर सहीच्या खालचा थर उघडला. तिथला रंग पात्यानं खरवडलेला होता, आणि नसलेला रंग यंत्र तरी काय वाचणार? पण एका कडेला एक रेघ शिल्लक होती. त्यानं हात पुन्हा डाव्या बाजूला बसवला.

बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागू लागल्या. कोणी जागचं हललं नाही. कुंचला शिळेवर टेकला, एक लांब, ऐटदार वळण काढून पुढच्या अक्षरासाठी उचलला गेला आणि तसाच अधांतरी थांबला. शिळेवरचं पाणी वाळू लागलं.

"सर, पाटी कोरी लावू," इरावती म्हणाली.

"लोक विचारतील."

"विचारू देत ना. इतक्या वर्षांत कोणी विचारलंय का, हिचं नाव काय म्हणून?"